शेंगांच्या गावात पीनट बटरची बरणी कशाला?

मा. संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत 'साते सँडविच'ची कृती आली होती. बरणीतलं पीनट बटर चार चमचे, टोमॅटो केचप दोन चमचे, शेजवान सॉस एक चमचा आणि सोया सॉस एक चमचा, हे सगळं वाटीत ढवळायचं आणि ब्रेडला लावायचं. वर लिहिलं होतं, 'पाच मिनिटांत तयार'. ती वाचून मला राहवलं नाही, म्हणून हे पत्र.

मी सोलापूरची. ३४ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवून आता घरी आहे. आमच्याकडे शेंगदाण्याला नुसतं 'शेंगा' म्हणतात. शेंगांची चटणी, शेंगांची पोळी, आमटीत शेंगांचं कूट, उपवासाला शेंगांची आमटी. उखळात कुटून कुटून तेल सोडलेली तांबडी चटणी कडक भाकरीवर घेतली की दुसरं कालवण लागत नाही. अशा गावातल्या बाईला आपल्याच दैनिकाने सांगावं की शेंगांचा सॉस करायचा असेल तर दुकानातून बरणी आणा, याचं मला फार वाईट वाटलं. साते म्हणजे मलेशिया-इंडोनेशिया-सिंगापूरकडचे काडीला टोचून भाजलेले मांसाचे तुकडे, आणि त्याच्यासोबतचा शेंगांचा सॉस तो साते सॉस. जो सॉस आपण छापलात त्याला साते म्हणणं हा ज्यांचा तो पदार्थ आहे त्या लोकांवरही अन्याय आहे.

घाई मला कळते. सून सकाळी सातला घराबाहेर पडते, आठवीतल्या नातीचा डबा मीच भरते. भाजी-पोळी रोज नको, आठवड्यातून एकदा तरी सँडविच दे, असा तिचा हट्ट असतो. डब्यात सँडविच द्यायला माझी ना नाही. पण सँडविचची चव ब्रेडमध्ये नसते, आत लावलेल्या चटणीत नाहीतर सॉसमध्ये असते. मुंबईच्या गाडीवरचं सँडविच घ्या. बटाटा, काकडी, बीट, टोमॅटो यांत असं काय आहे? हिरवी चटणी काढून घेतली तर ते कोण खाईल? मग जी गोष्ट सगळ्या पदार्थाला चव देते तीच नेमकी बाटलीतून घ्यायची?

साते सॉस मी शिकले २०१९ साली, सिंगापूरला. मुलीच्या बाळंतपणासाठी जवळजवळ तीन महिने तिथे होते. हाऊसिंग बोर्डाच्या इमारतीत तिचं घर, आणि शेजारी एक मलय बाई राहायच्या. वय माझ्याहून सात-आठ वर्षांनी जास्त. मुलगी त्यांना मकचिक म्हणायची, म्हणजे आपल्याकडची मावशी. मीही तेच म्हणायला लागले. त्यांना माझी भाषा येत नव्हती, मला त्यांची येत नव्हती. पण बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवांचा वास त्यांच्या दारापर्यंत गेला आणि त्या ताटली घेऊन आल्या. तिथून येणं-जाणं सुरू झालं.

मुलीने एका संध्याकाळी आम्हाला लाऊ पा सातला नेलं. १८९४ साली बांधलेली ओतीव लोखंडाची अष्टकोनी मंडई आहे ती. संध्याकाळी शेजारचा बून तात रस्ता वाहनांना बंद करतात, टेबलं मांडतात आणि कोळशाच्या लांबट शेगड्यांवर साते भाजायला लागतात. मांसाचे छोटे तुकडे हळद, धने, गवती चहा आणि साखरेत मुरवून काडीला टोचलेले असतात. विकणारा एका हाताने पंख्याने वारा घालतो, दुसऱ्या हाताने काड्या फिरवतो. सोबत काकडी, कच्चा कांदा, भाताची घट्ट वडी आणि वाटीभर शेंगांचा सॉस. आमच्या घरी मांस-मासे चालत नाहीत, म्हणून मी नुसती काकडी आणि भाताची वडी सॉसमध्ये बुडवून खाल्ली. पहिल्याच घासाला मला माहेरच्या उखळाची आठवण आली. शेंगा, मिरची, लसूण, चिंच, गूळ. त्यात ओळखीचं नाही असं काहीच नव्हतं. सगळं एकत्र येऊन जे झालं होतं ते मात्र मी कधी खाल्लं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मकचिकना मुलीकरवी विचारलं, शिकवाल का? त्यांनी शुक्रवारी बोलावलं. सॉसमध्ये त्या बलाचान घालतात, म्हणजे बारीक कोळंबीची आंबवून वाळवलेली वडी. आपल्या कोकणात सुका जवळा घालतात, तशीच त्याची एक जात म्हणा. मी खात नाही हे कळल्यावर त्यांनी ती वगळली आणि मिठाचं प्रमाण जरा वाढवलं. माझ्यासाठी त्यांनी भांडंही वेगळं घेतलं होतं. हे मी कधी विसरणार नाही.

त्यांच्या ओट्यावर ग्रॅनाइटचा जड खलबत्ता होता. आधी भिजवलेल्या सुक्या मिरच्या, लहान कांदे, लसूण, गवती चहाचं पांढरं कांडं आणि लंक्वास हे सगळं त्यात कुटलं. लंक्वास म्हणजे आल्यासारखं दिसणारं एक कंद, आपल्याकडे आवाज बसला की चघळायला देतात त्या कोळिंजनाच्या कुळातलं. या वाटणाला त्या रेम्पा म्हणतात. मग कढईत सढळ तेल, मंद आच, आणि परतत राहायचं. मला वाटलं झालं, तर त्यांनी हाताने थांबवलं आणि म्हणाल्या, 'पचाह मिन्याक'. मुलीने सांगितलं, तेल फुटायला हवं असं म्हणतायत. मी हसून म्हटलं, आम्ही म्हणतो तेल सुटायला हवं! एवढ्या एका वाक्याने मला सगळी कृती कळली. आपण मसाला परततो तसाच, फक्त धीर थोडा जास्त. साखरेला त्या 'गुला' म्हणतात, आणि तो शब्द संस्कृतातल्या 'गुड'वरून गेलेला आहे, आपल्या गुळाचाच भाऊ. शेंगदाणे आणि मिरची मात्र ना त्यांची ना आपली. दोन्ही अमेरिका खंडातून समुद्रामार्गे आली, आपल्याकडेही आणि त्यांच्याकडेही. आणि दोन्हीकडच्या बायकांनी त्यांना चिंच-गुळाशी जोडून दिलं.

आता कृती सांगते. ही मी गेली काही वर्षं घरी करते आहे. प्रमाण आपल्या वाटी-चमच्याचं आहे आणि एवढ्यात आठ-दहा सँडविचं होतात.

एक मोठी वाटी कच्चे शेंगदाणे घ्या. आधी निवडा. सुरकुतलेला, काळपट किंवा बुरशीचा वास असलेला एकही दाणा आत जाऊ देऊ नका. शेंगदाण्यावरच्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं, ते यकृताला घातक असतं आणि भाजूनही पूर्णपणे जात नाही. हे मी शाळेत पोषण आहाराच्या पोत्यांपाशी उभं राहून मदतनीस बायकांना कितीदा सांगितलं असेल. मग लोखंडी कढईत मंद आचेवर भाजा. मोठ्या आचेवर साल काळं पडतं आणि आतला दाणा कच्चा राहतो. एखादा दाणा फोडून बघा, आत फिकट बदामी रंग आला की उतरवा. गार झाल्यावर सोलून जाडसर कुटा. मिक्सर वापरणार असाल तर थांबत थांबत फिरवा. शेंगदाण्यात जवळजवळ निम्मं तेल असतं, सलग फिरवलं तर त्याचा लगदा होतो. आपल्याला दाताखाली येणारी कणी हवी आहे. बरणीतल्या पीनट बटरमध्ये सहसा तीच नसते, आणि माझं पहिलं भांडण त्याच्याशी तेच आहे.

सहा-सात ब्याडगी मिरच्या बिया काढून गरम पाण्यात वीस मिनिटं भिजवा. रंगाला ब्याडगी, तिखटाला हवी तर एखादी लवंगी. सात-आठ छोटे मद्रासी कांदे, नसतील तर एक मध्यम कांदा. लसणाच्या पाच पाकळ्या, बोटाच्या पेराएवढं आलं, एक चमचा धने, पाव चमचा जिरे. आणि गवती चहा. हा तुमच्या कुंडीत असेलच. आपण वरची पात कापून चहात टाकतो आणि खालचं कांडं मातीत ठेवतो. साते सॉसला तेच खालचं चार बोटं पांढरं कांडं लागतं. एक-दोन काड्या मुळाशी धरून उपटा, बाहेरची वाळकी पानं काढा, बारीक चिरा, मग वाटा. आपल्या कुंडीतली कांडी तिथल्यापेक्षा बारीक असतात, म्हणून मी तीन घेते. हे सगळं थोडं पाणी घालून गंधासारखं वाटायचं. गवती चहाचे दोरे राहिले तर ते घशात अडकतात, त्यामुळे इथे कंटाळा करू नका.

कढईत चार-पाच चमचे शेंगदाण्याचं तेल तापवा, वाटण घाला आणि आच कमी करा. सुरुवातीला ते फसफसेल, कच्च्या कांद्याचा उग्र वास येईल. परतत राहा. आठ-नऊ मिनिटांनी रंग विटकरी होतो, वास गोड व्हायला लागतो, आणि बारा-पंधरा मिनिटांनी कडेला तांबडं तेल दिसतं. इथपर्यंत पोचायच्या आधी पाणी घातलंत तर सॉस कायम कच्चा लागेल, नंतर कितीही उकळा. तेल सुटलं की लिंबाएवढ्या चिंचेचा कोळ, दोन मोठे चमचे चिरलेला गूळ, मीठ आणि दीड वाटी गरम पाणी घालायचं. उकळी आली की कूट घालायचं. थायलंडकडे नारळाचं दूध घालतात, मकचिक नुसतं पाणीच घालायच्या. मला पाण्याचाच आवडतो, शेंगांची चव स्पष्ट राहते. गोव्याकडचा माडाचा गूळ कोणी आणून दिला तर जरूर वापरा, तिकडच्या 'गुला मलाका' नावाच्या गुळाला सगळ्यात जवळचा तोच. दोन्ही माडाच्या रसाचे.

कूट पडल्यावर सॉस एकदम घट्ट होतो. घाबरू नका, मंद आचेवर दहा मिनिटं ठेवा, मधूनमधून तळ खरवडा, नाहीतर लागतो. शेवटी वर तांबड्या तेलाचा तवंग यायला हवा, आपल्या रश्शावर येतो तसा. पहिल्यांदा केला तेव्हा मी तवंग यायच्या आधीच उतरवला आणि रात्रभर बाहेर ठेवला. सकाळी त्याचा लाडू वळावा इतका घट्ट गोळा झाला होता आणि घाईत तो तसाच ब्रेडला फासला. नातीने डबा अर्धा परत आणला. 'आज्जी, घास घशाखाली उतरतच नव्हता गं,' म्हणाली. मला फार लागलं ते, कारण तिने दुपारपर्यंत तशीच कळ काढली होती. तेव्हापासून सॉस फ्रीजमधून काढला की दोन चमचे उकळतं पाणी घालून सैल करते आणि चव बघून चिंचेचे चार थेंब वाढवते. फ्रीजमध्ये चार-पाच दिवस राहतो, त्याहून जास्त मी ठेवत नाही.

सॉस भाकरीशी, उकडलेल्या बटाट्याशी, गरम भाताशीही चालतो. सिंगापुरात तो तांदळाच्या शेवयांवर ओतून खातात. इंडोनेशियात उकडलेल्या भाज्यांवर असाच शेंगांचा सॉस घालून गाडो-गाडो करतात. ब्रेडमध्ये घालायची कल्पना आमच्या नातीची. मकचिकना मुलीने फोटो पाठवला तर त्यांनी आशीर्वादाचा हात पाठवला, तेव्हा मी समजले की चालतं.

सँडविचसाठी पनीरचे बोटभर जाड काप घ्या. तोफू मिळत असेल तर तो घ्या, तिकडचा खरा तोच, पण आधी फडक्यात गुंडाळून वर वजन ठेवून पाणी काढा. हळद, धनेपूड, मीठ आणि चिमूटभर गूळ लावून अर्धा तास मुरवा आणि तव्यावर दोन्ही बाजूंनी डाग पडेपर्यंत भाजा. गुळामुळे कडा काळपट खरपूस होतात, त्या हव्याच. काकडीच्या चकत्यांना मीठ लावून दहा मिनिटं ठेवा आणि घट्ट पिळा. पिळलेलं पाणी वाटीत बघितलंत की कळेल, डब्यातला ब्रेड ओला का होतो ते. कांदा पातळ चिरून व्हिनेगरमध्ये किंवा लिंबाच्या रसात पाच मिनिटं. मोड आलेले मूग दोन मिनिटं वाफवून. गाजर असेल तर किसून, पिळून. ब्रेडची आतली बाजू तव्यावर शेकून घ्या, बाहेरची नको. शेकलेल्या बाजूला सॉस लावा, दोन्ही कापांना, कडेपर्यंत. सॉसमधलं तेल ब्रेडवर एक थर धरतं आणि काकडीचा ओलावा आत शिरू देत नाही. गाडीवाले आधी लोणी लावतात ते याचसाठी. मग पनीर, काकडी, मूग, कांदा. वरून भाजलेल्या शेंगांचं चिमूटभर कूट आणि कोथिंबीर. लादीपावातही छान होतं. पाव आपल्याला पोर्तुगीजांनी दिला, व्हिएतनामला फ्रेंचांनी लांब पाव दिला. तिथल्या बायकांनी त्यात व्हिनेगरमध्ये मुरवलेलं गाजर-मुळा आणि कोथिंबीर भरून तो आपला करून टाकला. आपणही शेंगा भरून करावा.

वेळ मोजली तर शेंगा भाजण्यापासून सॉस उतरेपर्यंत तास-सव्वा तास लागतो. मी रविवारी दुपारी करते. सकाळचं सँडविच मग खरोखर दहा मिनिटांत होतं.

पुरवणीतल्या कृतीबद्दल आणखी दोन गोष्टी. एक चमचा सोया सॉस लिहिला आहे. मोठ्या चमच्याने मोजला तर त्यात साधारण ९०० मिलिग्रॅम सोडियम असतं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला २,००० मिलिग्रॅमच्या आत राहा म्हणते. त्यात केचप, शेजवान आणि बरणीतलं मीठ मिळवा. हे आठ-दहा वर्षांच्या मुलाच्या डब्यासाठी छापलं होतं. मकचिकच्या साते सॉसमध्ये सोया सॉस लागतच नाही, आंबटपणाला चिंच आणि चवीला भाजलेल्या शेंगा पुरतात.

दुसरी गोष्ट शेजवानची. ज्या सिचुआन प्रांताचं नाव त्याला दिलंय तिथल्या जेवणाची खूण म्हणजे जिभेला मुंग्या आणणारी त्यांची मिरी. ती आपल्या कोकण-गोव्याच्या तिरफळाची जवळची नातलग आहे. बाटलीतल्या शेजवानमध्ये ती सहसा नसतेच. तिरफळ घालून खरा सिचुआनी सॉस घरी कसा करायचा, हे आपल्या पुरवणीत कोकणातल्या एखाद्या गृहिणीने लिहावं. मी वाट बघेन. मणिपूर, नागालँडच्या कोणी महाराष्ट्रात राहत असतील तर त्यांच्याकडूनही लिहून घ्यावं. आशियातले सॉस शोधायला बाटल्यांच्या फळीपाशी जायची गरज नाही.

शेवटी एक विनंती. शेंगदाण्याची ॲलर्जी काही मुलांना जिवावर बेतण्याइतकी असते. ओठ सुजतात, अंगावर गांधी उठतात, श्वास लागतो. माझ्या वर्गात असं एक मूल होतं. मैत्रिणीने डब्यातली शेंगांची चटणी चाखायला दिली आणि आम्हाला त्याला रिक्षात घालून दवाखान्यात पळवावं लागलं. वेळेवर पोचलो म्हणून वाचलं. मुलं डबे वाटून खातात, आणि सँडविचमध्ये काय लावलंय ते वरून दिसत नाही. म्हणून ही कृती छापलीत तर जागेअभावी बाकी काहीही गाळा, माझा सिंगापूरचा मजकूरही गाळा, पण 'डब्यात देण्याआधी वर्गशिक्षिकेला विचारा' ही ओळ ठेवा.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका, सोलापूर